पुढच्या महिन्यात स्वस्त होईल

पुलाव टिकुस, पिनांग
१२ जानेवारी २०००

प्रिय लिली,

तुला सिस्टर ऑगस्टिन म्हणायला मला अजून जमत नाही. जी भूमितीच्या तासाला माझ्या वहीत डोकावायची आणि पकडली गेली की माझ्याकडे बोट दाखवायची, तिला सिस्टर कशी म्हणू? पाकिटावर मात्र तुझं धर्माचं नाव घातलंय, नाहीतर तुमच्या फाटकावरची बाई पत्र परत पाठवायची.

आधी चांगली बातमी. कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थिनींच्या जेवणात तुझ्या कामासाठी वर्गणी जमली. ताइपिंगच्या तुमच्या वसतिगृहात रबराच्या मळ्यांतल्या मुलींसाठी जो कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं तुझ्या मनात आहे, त्याला बारा कॉम्प्युटर येतील एवढी. मला खजिनदार केलं. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मी सव्वीस वर्षं प्रोसेसरच्या कारखान्यात चाचणी विभागात होते, तेव्हा या धंद्यात मला कुणी फसवू शकणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच मत आहे.

म्हणून काल कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. तिसऱ्या मजल्यावर आह सेंग नावाच्या पोरगेल्या माणसाचं दुकान आहे, त्याची आई शाळेत आपल्यामागे दोन वर्षं होती. गेल्या शनिवारी त्याने मला एक भाव सांगितला होता. काल दुसराच.

"शनिवारी तू वेगळं सांगितलंस," मी म्हटलं.

"तो शनिवारचा भाव होता, आंटी."

"आणि आजचा?"

"हा आजचा. पण खरं सांगू? आज घेऊ नका. महिनाअखेर उतरणार."

लिली, मासळीवाल्याचं मी समजू शकते. मासा संध्याकाळपर्यंत वास मारतो. प्रोसेसर कशाने वास मारतो? कॉम्प्युटरचा मेंदू तो, आणि बिलातला सगळ्यात जाड आकडाही त्याचाच. माझ्या हाताखालून कितीतरी गेले, एकालाही वास आला नाही. वास मारतात ते विकणारे. जी वस्तू महिनाअखेर निम्म्याला द्यायला परवडते, ती आज दुप्पट भावाने विकणं याला आपल्या शाळेच्या मदर ज्या नावाने ओळखायच्या ते मी तुला लिहीत नाही.

माझी धर्मकन्या रोसालिंड कारखान्यात नियोजनात आहे. तिला विचारलं, तर नुसती हसली. म्हणजे उतरणार. तेव्हा थोडं थांबू. गरिबांच्या नावाने जमलेला पैसा आहे, मी तो त्या दरोडेखोरांच्या घशात घालणार नाही.

तुझी,
विनी


ताइपिंग
२० जानेवारी

प्रिय विनी,

भूमितीत तू स्वतःच नापास झालीस, आणि तुझ्या वहीत बघून मीही. तेवढी शिक्षा पुरे नाही का?

देव सगळ्यांचं भलं करो. पत्र मी मुलींना वाचून दाखवलं, दरोडेखोरांचा भाग गाळून. जुन्या शिवणवर्गाची खोली रंगवली आहे. टेबलं आली. वीजवाला येऊन बारा जागी तारा काढून गेला. मुलीही बारा आहेत. शालेय परीक्षा झालेल्या, घरात पुढचा विचार चाललेला. आमच्याकडे घरात पुढचा विचार म्हणजे काय असतो ते तुला माहीत आहे. एक तर लग्न, नाहीतर कारखान्याची व्हॅन. दर दोन महिन्यांनी ती मळ्यात येते आणि कामाला मुली भरून नेते.

वर्ग एक फेब्रुवारीला सुरू होईल असं मी आईबापांना सांगून बसले आहे. तोवर रिकामं कशाला बसवायचं, म्हणून मी पुठ्ठ्यावर कळफलक आखून दिले. एकेक मुलगी पुठ्ठा मांडीवर घेऊन बोटं बसवते. त्यात मलर म्हणून एक आहे. वसंतमलर पूर्ण नाव, बाप रबराचा चीक काढतो. तिची बोटं थांबतच नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर, प्रार्थनेला बाकाच्या पाठीवर. मी परवा विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, "तुम्ही बोलता ते."

थोडं थांबू म्हणजे किती, तेवढं कळव.

तुझी,
लिली (सिस्टर ऑगस्टिन)


पुलाव टिकुस
२१ फेब्रुवारी

प्रिय लिली,

मी म्हटलं नव्हतं? उतरला. आमच्या कारखान्याने भाव पाडला आणि छातीवर हात ठेवून जाहीर केलं की हे ग्राहकाच्या प्रेमापोटी. चार दिवसांत रस्त्यापलीकडच्या, आमच्याशी चढाओढ करणाऱ्या कारखान्याने त्याहून खाली पाडला, तेही प्रेमापोटी. एवढं प्रेम मी आमच्या गल्लीत नवरा-बायकोतही पाहिलं नाही.

पैसे पर्समध्ये घालून मी गेलेच होते. आह सेंगने चिनी नववर्षाची दोन संत्री हातात ठेवली आणि म्हणाला, "आंटी, अजून थोडं थांबा. आता तुमचे लोक उत्तर देणार."

"कशावरून?"

"त्यांनी नाक कापलंय ना. आता हे कान कापणार."

"आणि तुझं काय कापलं जातं यात?"

"माझं?" तो हसला. "माझ्याकडे गेल्या महिन्याच्या भावाने घेतलेला माल पडून आहे. मी आधीच कापलेला आहे."

त्याने मला रस्त्यापलीकडचा प्रोसेसर दाखवला. तेवढाच वेगवान, भाव कमी. मी त्याला सांगितलं, सव्वीस वर्षांत त्यांची साधी जाहिरातीची टोपीसुद्धा मी घरात येऊ दिली नाही. माझा भाचा एकदा ती घालून आला होता, त्याला ओट्यावर बसवून जेवायला वाढलं. तेव्हा तो विषय बंद.

पुठ्ठ्याची कल्पना चांगली आहे. मीही आधी बोटीच्या कंपनीत टायपिस्ट होते, हातांना वळण लागलं की यंत्र दुय्यम असतं. तेव्हा मुलींचं नुकसान काही होत नाहीये. महिनाभर, फार तर दीड.

तुझी,
विनी


ताइपिंग
१४ मार्च

प्रिय विनी,

हे लहानसंच पत्र. इथे रोज दुपारी पाऊस आहे आणि रंगवलेल्या खोलीत ओल आली आहे.

बारामधली रुक्मणी गेली. तिचं लग्न ठरलं. आईने मला विचारलं, "सिस्टर, वर्ग एक फेब्रुवारीपासून होता ना?" मी म्हटलं, थोडं मागे पडलंय. ती म्हणाली, मुलाकडचे मागे पडायला तयार नाहीत.

ते रस्त्यापलीकडचे प्रोसेसर वाईट असतात का? मी खरंच विचारते, मला कळत नाही. मुलींना पत्रं लिहायला, हिशेब मांडायला शिकवायचं आहे. यंत्राला आपण कुठल्या फाटकातून आलो ते आठवत असेल असं मला वाटत नाही.

मलरचा पुठ्ठा झिजला. दुसरा आखून दिला.

लिली


पुलाव टिकुस
२५ एप्रिल

प्रिय लिली,

ईस्टरच्या शुभेच्छा, जरी माझा ईस्टर रविवारी दुपारी एक वाजता संपला तरी. मला अजून शिसारी आहे. तुला सविस्तर सांगितल्याशिवाय ती जाणार नाही, आणि सांगितल्यावरही जाईल असं वाटत नाही.

रोसालिंड जेवायला आली होती. मी तिच्या आवडीची तिखटजाळ डेव्हिल करी केली होती. बोलता बोलता मी म्हटलं, आता तुमचं स्वस्तातलं मॉडेल तरी बऱ्या भावाला आलंय, तेच बारा घेऊन टाकते. सिस्टर घाई करते आहे. लहान मेंदू तर लहान मेंदू, मुलींना पुरेल.

रोसालिंड म्हणाली, "घे ना आंटी. तसेही ते चांगलेच असतात."

"चांगले कसे? चाचणीत जे कमी पडतात त्यांचं स्वस्त मॉडेल होतं. मी स्वतः वेगळे काढलेत."

"ते तुझ्या वेळी. आता स्वस्ताला मागणी एवढी आहे की तेवढे सुमार निघतच नाहीत."

"मग?"

"मग चांगल्यांतलेच घ्यायचे. आतली अर्धी मेमरी जाळून बंद करायची आणि वर स्वस्ताचा छाप मारायचा."

लिली, मी काटा खाली ठेवला. तुला या धंद्यातलं कळत नाही म्हणून समजावते. प्रोसेसर तयार झाला की त्याची परीक्षा होते. सगळ्यांत पास झाला तर तो महाग विकतात. आतला एखादा कोपरा खराब निघाला तर तेवढा कोपरा बंद करून, कमी ताकदीचा म्हणून स्वस्तात विकतात. यात काही पाप नाही, उलट एक तुकडा कचऱ्यात जायचा वाचतो. सव्वीस वर्षं मी हेच केलं. नापास तुकडा पुन्हा लावून बघायचा, कुठे जीव आहे का. वाचला तर आमच्या ओळीतल्या पोरी टाळी वाजवायच्या. आणि आता तीच मशीन, तीच ओळ, पण समोर येतो तो धडधाकट.

मी विचारलं, "धडधाकट आहे तर तो धडधाकट म्हणूनच स्वस्तात का देत नाही?"

"मग महाग कोण घेईल?"

"म्हणजे पोरगं हातापायाने चांगलं आहे, आणि त्याचा हात मोडून त्याला चर्चच्या दारात बसवायचं, का तर धडधाकटाला भीक मिळत नाही."

"आंटी, जेवताना काय बोलतेस."

"जेवताना तूच सांगितलंस."

"ही स्पर्धा आहे. पलीकडचे स्वस्तात देतात. आपण दिलं नाही तर ओळी बंद पडतील, मग तुझ्याच पोरी घरी बसतील. तू म्हणशील ते बरं होईल?"

तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि त्याचीच जास्त किळस आली. तिला करीचा डबा भरून दिला, पण दारापर्यंत सोडायला गेले नाही.

तेव्हा ठरलं. जाणूनबुजून लुळं केलेलं यंत्र मी कॉन्व्हेंटच्या पैशाने घेणार नाही. महागाचं घेणार नाही, कारण तो दरोडा आहे. पलीकडचं तर नाहीच. पण निराश होऊ नकोस. रोसालिंड जाता जाता म्हणाली की चांगल्या मॉडेलचाही भाव पडणार आहे, एवढा की सगळे तोंडात बोटं घालतील. तेव्हा आपण धडधाकट घेऊ. तुझ्या मुलींना पूर्ण मेंदूचीच यंत्रं मिळतील, हा माझा शब्द.

तुझी,
विनी


ताइपिंग
१९ मे

विनी,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. मग दुसरं लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं आहे आणि सौम्य आहे, यावरून आधीची कशी होती ते समज.

तुला जे विकत घ्यायचं आहे ते कुणी बनवत नाही. तुला वेगवान, धडधाकट, आपल्याच फाटकातलं आणि पुण्यवान माणसाने प्रामाणिक भावात विकलेलं हवं आहे. एवढी अट मी नवशिक्या सिस्टरांनाही घालत नाही.

व्हॅन आली होती. या वेळी ती वसतिगृहाच्या दारापर्यंत आली. माणूस नम्र होता, छापील कागद घेऊन आला होता. राहायची सोय, जेवण, रात्रपाळीचा भत्ता. मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? तीन गेल्या. आणखी दोघींना आधीच घरी बोलावून घेतलं. आता सहा आहेत. मलर आहे. तिचा मामा दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा खोलीत डोकावून रिकाम्या टेबलांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, यंत्रं कुठे आहेत?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

या आठवड्यात जे मिळेल ते घे. लुळं मिळालं तर लुळं घे. किंवा पैसे इकडे पाठव, इथे स्टेशनजवळ एक दुकान आहे.

लिली


पुलाव टिकुस
१२ जून

प्रिय लिली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तू आजारी असशील अशा समजुतीने माफ केलं.

पैसे पाठव म्हणतेस. स्टेशनजवळचा दुकानदार! तो तुला पांढऱ्या झग्यात बघेल, गुडघ्यावर बसून नमस्कार करेल आणि दोन वर्षं पडून असलेला माल गळ्यात मारेल. वर्गणी देणाऱ्या पंचेचाळीस बायकांना मी काय तोंड दाखवू? मला खजिनदार केलं ते बाजार कळतो म्हणून. तो कळत असताना आंधळेपणाने घ्यायचं असेल, तर हे काम तुमच्या फाटकावरच्या बाईलाही देता आलं असतं.

आणि व्हॅनचं एवढं काय? तो काही सैतानाचा रथ नाही. त्याच व्हॅनमधून मी सव्वीस वर्षं गेले-आले आणि माझ्या हाडावर मांस चढलं. मुली चार पैसे मिळवतील, वर्ग सुरू झाला की परत येतील.

तूच सांग, आपण इतके महिने थांबलो ते काय मोठा उतार तोंडावर आला असताना घाई करायला? आता घेतलं तर आतापर्यंतचं थांबणं फुकट. रोसालिंड म्हणते, ऑगस्टअखेर किंवा फार तर सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी. मला ती तारीख तिने सांगायला नको होती, तेव्हा तू कुणाला बोलू नकोस. पाद्रीबुवांनाही नाही.

तोवर बाजारात जे चाललंय ते बघून माझी भूक मेली आहे. काल आमच्या लोकांनी शहरभर भले मोठे फलक लावले, त्यावर एक आई, एक मूल आणि खाली "तुमच्या कुटुंबासाठी". पलीकडच्यांनी शेजारीच त्याहून मोठा लावला, त्यात दोन मुलं. भाव पाडायचे, फलक वाढवायचे आणि आत चांगली जिन्नस जाळायची. आह सेंग म्हणतो, त्याच्या मजल्यावरची चार दुकानं बंद झाली. मी म्हटलं, "तू कसा उभा आहेस?" म्हणाला, "मी कुठे उभा आहे आंटी, मी भिंतीला टेकलोय."

तुझी,
विनी

ता. क. उत्तर आलं नाही तर मी समजेन की तू रुसलीस. सिस्टरांना रुसायची परवानगी असते का?


पुलाव टिकुस
२१ ऑगस्ट

प्रिय लिली,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. सेंट अ‍ॅनच्या यात्रेला तुमच्या दोन सिस्टर भेटल्या. त्या म्हणाल्या तू बरी आहेस, कामात आहेस. म्हणजे रुसलीस.

पण आता रुसवा सोड. तारीख पक्की झाली, सप्टेंबरचा दुसरा सोमवार. जानेवारीत ज्या पैशांत बारा आले असते त्यात आता वीस येतील, तेही चांगल्यातले. मी आह सेंगला सांगून ठेवलंय. मुलींना सांग, ज्या गेल्या त्यांनाही बोलाव. आणि पहिलं यंत्र त्या पुठ्ठेवालीला दे. काय तिचं नाव, मलर. पुठ्ठ्याला आता निरोप दे म्हणावं.

मला शाबासकी नको. फक्त एवढं लिही की थांबलो ते बरं झालं.

तुझी,
विनी


ताइपिंग
३० ऑगस्ट

प्रिय विनी,

मी रुसले नव्हते. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

खोलीत जुलैपासून पुन्हा शिवणाचा वर्ग आहे. टेबलं कामाला आली. वीजवाल्याने काढलेल्या तारांवर पट्टी चिकटवली आहे, कुणाचा हात लागू नये म्हणून. बारा मुलींतली एकही आता इथे नाही. मलर सगळ्यांत शेवटी गेली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मामा व्हॅनबरोबरच आला होता. पुठ्ठा ती घेऊन गेली, मी नको म्हटलं नाही.

तिचं एक पत्र आलं आहे. तमिळमध्ये आहे, तुझ्यासाठी थोडं उतरवते.

"सिस्टर, मी बरी आहे. फ्लॅटमध्ये आम्ही आठ जणी राहतो. कारखाना थंडगार असतो, स्वेटर लागतो. मला रात्रपाळी आहे. माझी बोटं भरभर चालतात म्हणून त्यांनी मला चाचणीच्या ओळीवर घेतलं, तिथे भत्ता जास्त आहे. काम अवघड नाही. प्रोसेसर येतात, मशीन सांगते कोणते चांगले. त्यातले काही बाजूला काढायचे आणि त्यांची अर्धी मेमरी जाळायच्या मशीनमध्ये भरायचे. मी पहिल्या दिवशी विचारलं, हे तर चांगले आहेत ना? बाई म्हणाल्या, चांगले आहेत म्हणूनच. मग मी विचारलं नाही. कॉम्प्युटर आले का?"

मी याच्या खाली माझं काही लिहीत नाही.

लिली


पुलाव टिकुस
९ सप्टेंबर, शनिवार

लिली,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मला नेहमीसारखा संताप आला, आणि सवयीने मी तो कुणावर काढावा ते शोधायला लागले. कंपनी, रोसालिंड, पलीकडचे, तो मामा. सगळ्यांवर काढून बघितला. शिसारी तरीही गेली नाही. ती कुणाची येते आहे ते तुला सांगायला नको.

आज सकाळी सातला कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. रखवालदाराने ओळखलं. "मॅडम, विसरलं काही?" म्हणाला. मी म्हटलं, "हो."

रात्रपाळी सुटली. शेकडो मुली, सगळ्यांचे एकाच रंगाचे झगे, सगळ्यांचे डोळे सुजलेले. यात ती कशी सापडणार, असं मनात आलं. मग बसची वाट बघत बाकावर बसलेल्या एकीकडे लक्ष गेलं. मांडीवर डबा होता, आणि डब्याच्या झाकणावर बोटं चालली होती.

मी समोर जाऊन उभी राहिले. "काय लिहितेस?"

ती दचकून उठली. "काही नाही, आंटी. सवय आहे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या आंटी ना? सिस्टरांकडे फोटो होता. तुम्ही दोघी, वेण्या घातलेल्या."

"हो. मीच."

"आले का कॉम्प्युटर?"

त्यात टोमणा असता तर मला परतवता आला असता. पोरीने नुसतं विचारलं. मी म्हटलं, नाही आले. ती म्हणाली, "मी अजून थांबले असते. पण मामा म्हणाला, रिकाम्या टेबलाजवळ किती दिवस बसायचं."

तिला समोरच्या टपरीवर नेलं. कॉफी आणि रोटी घेतली. नोकरी सोड म्हटलं, तर मान हलवली. घरी पैसे जातात, धाकटी बहीण शाळेत आहे. मग विचारलं, सुट्ट्या कधी असतात? चार रात्री काम आणि तीन दिवस सुट्टी. सुट्टीत काय करतेस? "झोपते," म्हणाली, "आणि पुठ्ठा काढते."

तेव्हा असं ठरलंय. सुट्टीच्या तीन दिवसांतले दोन दिवस ती माझ्याकडे येणार, उद्यापासून. टायपिंग मी शिकवेन. पुढचं शिकवायला रोसालिंड येईल. तिला मी विचारलं नाही, सांगितलं. तुझ्याकडे अकरा येतील. बारावा माझ्या जेवणाच्या टेबलावर राहील, वर्गणीवाल्या बायकांना मी काय ते सांगेन, आणि त्याचे पैसे माझ्या पेन्शनमधून भरेन. शिवणवाल्यांना दुसरी खोली दे. व्हॅनच्या आधी नव्या मुली गोळा कर.

टपरीवरून तशीच बाजारात गेले. आह सेंग दुकानाचं शटर वर करत होता.

"बारा दे," मी म्हटलं. "आत्ता. अकरा लॉरीने ताइपिंगला जातील, उरलेला एक माझ्या घरी."

"आज? आज माझ्याकडे बारा आहेत ते पलीकडचे आहेत, आंटी. तुम्हाला चालत नाहीत."

"चालतात."

"आणि भाव अजून जुना आहे. मी कमी करू शकत नाही, मला मार बसेल."

"मी कमी कर म्हटलं का?"

त्याला वाटलं असावं, म्हातारीला ऊन लागलं. मग त्याने आवाज खाली आणला, आजूबाजूला पाहिलं, आणि काउंटरवरून माझ्याकडे वाकला. पोरगा मनाने वाईट नाही, लिली. इतक्या महिन्यांत त्याने मला एकदाही फसवलं नाही, खरा तोच सल्ला दिला, दर वेळी.

"आंटी, तुमचं नुकसान बघवत नाही म्हणून सांगतो. परवा सोमवार. दोनच दिवस थांबा, निम्म्यावर..."

"बांध," मी म्हटलं.

तुझी,
विनी